एका मार्काचा जंतू

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, गाडीरस्ता संपल्यावर पुन्हा चढून जावं लागतं अशा एका वाडीत, एका बाईला पाणी वाढतात. 'देतात' असं मी मुद्दामच म्हणत नाही. ती आपला हंडा झऱ्याच्या खाली, एका ठरलेल्या चपट्या दगडावर ठेवते आणि मागे सरून उभी राहते. मग झऱ्यावर असलेली कुणीतरी, तिची मर्जी असेल तर, आपल्या कळशीतलं पाणी वरून त्या हंड्यात ओतते. कळशी हंड्याला लागू द्यायची नाही. त्यामुळे धार उंचावरून पडते, निम्मं पाणी दगडावर जातं, आणि ओतणारी म्हणते, "गेलं बघ. तुज्या नशिबात नव्हतं." बाकीच्या हसतात. ती बाईही हसते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांच्यात काही चेष्टेचं नातं असेल.

तिला पूर्वी कुष्ठरोग झाला होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या खाऊन तो बराही झाला, आणि त्याला इतकी वर्षं लोटली की तेव्हा अंगणात खेळणाऱ्या पोरांना आता पोरं आहेत. डाव्या हाताची बोटं तेवढी आखडलेली राहिली. वाडी ती बोटं बघते. नवरा गेला, मुलगा मुंबईला, चार शेळ्या आणि उतारावर वरीचा एक तुकडा, एवढं तिचं. मी तिला मावशी म्हणत असे.

मी महाडची. शाळा इंग्रजी माध्यमाची. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत माझा आजही गोंधळ होतो, आणि तो झाला की समोरचा हसतो. त्यामुळे बोलण्यापेक्षा बघणं मला लहानपणीच सोयीचं वाटू लागलं. आई महाडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तालुक्यात कुठेही जा, तिचा एखादा विद्यार्थी भेटतोच. पुण्यात ज्या संस्थेत मी काम करते तिथे डोंगरातल्या झऱ्यांचा प्रकल्प आला तेव्हा सर म्हणाले, "तुझ्याकडची माणसं तुला ओळखत असतील, तूच जा." ती माणसं मला ओळखत नव्हती. आईला ओळखत होती.

आमचं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड. पाण्यात नाना तऱ्हेचे सूक्ष्मजीव असतात. त्यातले बहुतेक प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाहीत. म्हणून त्यांना वाढवायचंच नाही. पाणी एका पातळ चकतीतून गाळायचं, चकतीवर जे अडकेल त्यातला सगळा डीएनए एकत्र काढायचा, तो यंत्राकडून वाचून घ्यायचा आणि मग संगणकाला कामाला लावायचं. यंत्रातून येतात ते लाखो बारीक तुकडे. संगणक ते एकमेकांना जोडून बघतो, कुठे जनुक सुरू होतं आणि कुठे संपतं याचा अंदाज बांधतो, आणि जगभरच्या साठ्याशी ताडून सांगतो की हे अमक्यासारखं दिसतं. 'सारखं दिसतं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुढे कुणी ते ऐकले नाहीत.

मला वाडीवर नेलं ते आईच्याच एका विद्यार्थ्याने. बारावी सायन्स करून तो महाडच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागलेला. बिरवाडीला खोली करून राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. वाडीतला सायन्स शिकलेला तो एकटाच. माणूस मदतीचा. माझी बर्फाची पेटी त्याने डोक्यावरून वर आणली. बर्फ मी पोलादपूरच्या बाजारात मासेवालीकडून घेतला होता, त्यामुळे पेटीला बांगड्याचा वास येत होता आणि वाटभर दोन कुत्री आमच्या मागे होती.

झऱ्यावर मी हाताने दाबायच्या छोट्या पंपाने पाणी गाळायला बसले. बायका भोवती जमल्या.

"पानी टाकून देतेस आन् कागद नेतेस काय गो?"

"शहरातली मान्सं चहा फेकून गाळनं चाटत असतील."

"अगं, मॅडमची लेक हाय ती. तोंड सांभाळा," तो म्हणाला, पण हसला तोही.

कागदातून काय कळतं, असं एकीने विचारलं. मला मराठीत डीएनए समजावता येईना. मग सुचलं ते सांगितलं. जत्रा उठल्यावर वाटेवर फुटक्या बांगड्यांचे तुकडे पडलेले असतात. ते वेचून जोडत बसलं तर कुठल्या कासाराकडचा माल आहे ते रंगावरून कळतं. बांगडी कुणाच्या हातातली होती ते तेवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी आणखी पुष्कळ तुकडे लागतात. बायकांना हे आवडलं. मावशी आपल्या हंड्याच्या मागे उभी राहून ऐकत होती.

उतरताना तिने मला घराशी थांबवलं आणि चहा केला. कप माझ्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला, हात मागे घेतला, आणि मग 'घे' म्हणाली. एवढ्या वर्षांत तिच्या हाताला ते वळण पडलं होतं.

"झऱ्यात ज्याचं त्याचं कळतं म्हंजे?" तिने विचारलं.

"थोडंफार कळतं."

"मग माजं काय हाय का त्यात बघ. नसंल तर नाय म्हनून सांग. पन मला नको सांगू, त्यांच्यासमोर सांग."

"मावशी, तुम्ही बऱ्या झाल्यात. डॉक्टरांनी सांगितलं असेल ना तसं?"

"सांगितलं गो. डाक्टर काय, मान्सासारखा मानूस. त्याला वाटलं असंल, बिचारी हाय, सांगून टाकू. यंत्राला कुनाची भीड नाय." मग ती आखडलेल्या बोटांकडे न बघता म्हणाली, "मला माज्या हातानं हंडा भरायचा हाय. झऱ्याच्या तोंडाशी. उन्हाळा लागायच्या आत."

उन्हाळ्यात तो झरा करंगळीएवढा होतो. नंबर लावावे लागतात आणि वाढायला कुणाचीच मर्जी राहत नाही. तेव्हा ती खालच्या डबक्यावर जाते, जिथे गुरं पाणी पितात. मी 'बघते' म्हणाले. मी सहसा कुणाला काही कबूल करत नाही, पण त्या 'बघते'चा अर्थ तिने लावला तोच माझ्याही मनात होता.

पुण्यात निकाल आले. प्रकल्पासाठी जी जनुकं हवी होती ती शोधून झाल्यावर मी तिचं काम केलं. कुष्ठरोगाच्या जंतूचा पूर्ण डीएनए साठ्यातून उतरवून घेतला आणि झऱ्यातला एकेक तुकडा त्याच्यावर बसतो का ते संगणकाला तपासायला लावलं. त्याचा म्हणावा असा एकही तुकडा निघाला नाही. निघणारही नव्हता. बऱ्या झालेल्या माणसात तो नसतो आणि पाण्यात तो तसा तग धरत नाही. तरी मला आनंद झाला. शेजारच्या टेबलवरच्या मुलीने विचारलं, काय सापडलं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग हसतेस काय?

निकाल गावाला मराठीत समजावून सांगायचे, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. मी एक रंगीत वर्तुळ तयार केलं. झऱ्यात कुठकुठल्या घराण्यातले जीव आहेत त्याच्या फोडी, आणि प्रत्येक फोडीवर देवनागरीत नाव. एक बारीक फोड होती, मायकोबॅक्टेरियम. या घराण्यात कितीतरी जाती आहेत. त्यातल्या बहुतेक पाण्यात आणि मातीत मुकाट राहतात. कुष्ठरोगाचा आणि क्षयाचा जंतू, हे त्यातले बदनाम नातेवाईक. ती फोड 'इतर'मध्ये ढकलून द्यावी असं मला वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. ते खोटं झालं असतं.

वाडीवर देवळाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला. बायका, म्हातारे, पोरं सगळी आली. मावशी खाली, फणसाच्या बुंध्याशी बसली. नवं लुगडं नेसून आली होती. माझ्या ते लक्षात आलं. मी पाठ केलेलं बोलू लागले. पाणी कसं गाळलं, संगणकाने काय केलं, मग वर्तुळ. कुष्ठरोगाचा जंतू नाही, हे मी शेवटी सांगणार होते, म्हणजे तेच लक्षात राहील.

शेवट आलाच नाही. आईचा विद्यार्थी पुढे वाकून पडदा वाचत होता.

"थांबा ताई, थांबा. हे काय लिहिलंय? मायकोबॅक्टेरियम?"

"हो, पण ते..."

"मायकोबॅक्टेरियम लेप्री!" तो उठून उभाच राहिला. वर्गात उत्तर येणारा मुलगा उठतो तसा. "कुष्ठरोग कशामुळे होतो? एक मार्काला असतो. मॅडम म्हणायच्या, झोपेत उठवून विचारलं तरी आलं पाहिजे."

"लेप्री नाही. फक्त मायकोबॅक्टेरियम. त्यात पुष्कळ जाती असतात, त्या साध्या..."

"म्हंजे घराणं तेच ना?"

"घराणं तेच, पण..."

"मग एक आला की बाकीचे येतातच की जेवायला!"

ओटा हसला. मी 'कुष्ठरोगाचा जंतू नाही' हे वाक्य तेव्हा बोलले. दोनदा बोलले. माझा आवाज मुळात लहान, आणि तोपर्यंत बायका एकमेकींशी बोलू लागल्या होत्या. त्याची आई पदर खोचून उभी राहिली आणि फणसाकडे बघून म्हणाली, "ऐकलंस काय गो? यंत्रात आलंय तुजं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवत होते, नाही, नाही. तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. ती उठली, लुगड्याला लागलेला पाचोळा झटकला आणि गेली.

"ताई, तुम्ही घाबरू नका," तो मला नंतर म्हणाला. "तुम्ही खरं ते दाखवलंत. आमच्या कारखान्यात रिपोर्ट दाबतात लोक." तो खरोखर माझं कौतुक करत होता.

दुसऱ्याच दिवशी झऱ्याभोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं गेलं आणि तो चपटा दगड कुणीतरी उतारावरून लोटून दिला. वाढणं बंद झालं. होळीही अजून व्हायची होती, आणि मावशी गुरांच्या डबक्यावर जाऊ लागली.

मी महाडला घरी येऊन आईला सांगितलं, तू एकदा चल. तो तुझा विद्यार्थी आहे, तुझं ऐकेल. आई प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होती.

"त्याने चूक काय सांगितलं?"

"आई, ती जात वेगळी आहे. नुसत्या घराण्यावरून..."

"बारावीच्या मुलाला तेवढं आठवलं हेच पुष्कळ. तो मार्क मीच दिलाय त्याला. आता तिथे जाऊन सांगू की मी शिकवलं ते अर्धवट होतं? उद्या सगळे पालक दारात." तिने वही मिटली. "आणि तू त्या बाईच्या घरी बसली होतीस?"

"हो."

"काही खाल्लंस?"

"चहा प्यायले."

आईने पुढची वही ओढली. रात्रीच्या जेवणाला माझ्यासमोर वेगळा पेला आला, ज्याला काठाजवळ खूण होती, तो. तो पेला कामवालीचा. आईने तो ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. जीवशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेत ती विद्यापीठात वरच्या नंबरात आली होती. तेव्हाचा पेढे वाटतानाचा फोटो आजही हॉलमध्ये आहे.

मला एकच भाषा येत होती. नमुना घ्यायचा. मी आमच्या महाडच्या घरातल्या शॉवरचं पाणी गाळलं आणि पुढच्या खेपेला झऱ्यांच्या नमुन्यांबरोबर ते यंत्राला लावलं. जे अपेक्षित होतं तेच आलं. मायकोबॅक्टेरियमची फोड झऱ्यापेक्षा मोठी. क्लोरीनने बाकीचे मरतात, हे घराणं चिवट असतं, नळांत आणि शॉवरच्या जाळीत सुखाने राहतं. आपण सगळे रोज त्यांच्याखाली आंघोळ करतो आणि काही होत नाही. मला वाटलं, याला उत्तर नाही.

ऐन उन्हाळ्यात मी पुन्हा वर गेले. आईचा विद्यार्थी सुट्टीवर होताच. झऱ्यावर नंबराच्या कळशांची ओळ लागली होती. मी त्याला आणि बायकांना दोन वर्तुळं शेजारी शेजारी दाखवली. हे तुमचं, हे आमच्या घरचं. आमच्यात जास्त आहे. म्हणजे याचा मावशीशी संबंध नाही.

त्याने दोन्ही वर्तुळं बोटाने ताडून पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटली, खरी काळजी.

"ताई, म्हंजे तुमच्या घरापर्यंत पोचलं?"

"काय?"

"तू तिच्याकडं चहा प्यायलीवतीस ना गो," त्याची आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आजाऱ्याशी बोलावं तशी बोलली. आणि ज्या बाईच्या शेजारी मी टेकले होते तिने आपली कळशी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

त्यानंतर मी जे केलं ते विचार करून केलं नाही. मी मावशीच्या घरी गेले, दाराशी पालथा घातलेला हंडा उचलला, कुंपणाच्या फटीतून आत शिरले आणि झऱ्याच्या तोंडाशी लावला. हातांना काटे लागले. कुणी अडवलं नाही. मॅडमच्या लेकीला कोण अडवणार? हंडा भरायला फार वेळ लागला. मला डोक्यावर हंडा नेता येत नाही. मी तो पोटाशी धरून, कपडे भिजवत, तिच्या अंगणात नेला. बायका मागोमाग आल्या, जरा अंतर ठेवून.

मावशी शेळीची धार काढत होती. तिने हंडा पाहिला, मग मला, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांना. उठली. माझ्या हातातून हंडा घेतला, पहिल्यांदाच माझ्या हाताला तिचा हात लागला, आणि तिने तो सगळ्यांसमोर अंगणात उपडा केला. त्या कोरड्या मातीत पाणी क्षणभरही थांबलं नाही.

"मी मागितलं नव्हतं," ती त्यांना म्हणाली. "देवाशप्पत. ही पोरगी खुळी हाय. हिच्या यंत्राचं मला सांगू नका. तुमचा झरा तुमचा." मग माझ्याकडे वळून, त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तू उद्या पुन्याला जाशील. मला हितं मरायचं हाय. वरून का होईना, पडत होतं. आता माज्या दाराशी येऊ नकोस."

कुणीतरी म्हणालं, "बरी जिरवली." मावशी हसली. झऱ्यावर पाणी सांडलं की हसायची, तसंच.

तिला काय करायचं होतं ते मला खाली पोलादपूरच्या स्टँडवर पोचेपर्यंत कळलं. तिने मला टाकून स्वतःची जागा परत मागितली होती. हिशेब चोख होता. तिच्या जागी दुसरं काही करता येण्यासारखं मला आजही सुचत नाही.

जागा तिला मिळाली. पाऊस पडण्यापूर्वीच तिला पुन्हा पाणी वाढू लागले. हे मला आईकडून कळलं. मी सुट्टीला घरी होते. बाथरूममधला शॉवर आईने एव्हाना काढून टाकला होता आणि आम्ही बादलीने आंघोळ करत होतो. जेवताना तिने मोबाईल माझ्यासमोर धरला.

"हे बघ, माझ्या विद्यार्थ्याने काय पाठवलंय. आणि तू म्हणतेस यांना काही येत नाही."

मी तसं कधी म्हटलं नव्हतं. फोटो वाडीचा होता. त्याने बांबू मधोमध चिरून, आतल्या गाठी काढून एक लांब पन्हळ केली होती. तिचं वरचं टोक काट्यांच्या कुंपणाच्या आत, खालचं टोक बाहेर, एका नव्या दगडावरच्या हंड्यावर. आत उभी असलेली त्याची आई कळशीने पन्हळीत पाणी ओतत होती. खाली त्याने लिहिलं होतं, 'मॅडम, झिरो काँटॅक्ट. आपण शिकवलेल्याचा उपयोग केला.' आईने त्याला 'शाब्बास' असं उत्तर पाठवलं होतं आणि पुढे टाळ्यांचे हात.

"एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं," आई म्हणाली.

मी फोटो मोठा करून पाहिला. मावशी हंड्याशी वाकलेली होती, चेहरा दिसत नव्हता. पूर्वी निम्मं पाणी दगडावर जायचं. आता पन्हळीतून धार सरळ हंड्यात पडत होती, दगड कोरडा होता आणि हंडा काठोकाठ भरलेला होता.